शेपटीचा जोड

फोन वाजला तेव्हा खालिद अत्तार एका निवृत्त तलाठ्याच्या कवळीवर शेवटचा हात फिरवत होता. भोरच्या एसटी स्टँडामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्याची लॅब. तालुक्यातल्या पाच-सहा दंतवैद्यांकडून जबड्यांचे ठसे इथे येत आणि कवळ्या होऊन परत जात. गेली दोन वर्षं मात्र खिडकीजवळचं मोठं टेबल दातांच्या कामाला मिळत नव्हतं. तिथे वाळूच्या पिशव्यांवर एक करडी शिळा निजवलेली होती आणि तिच्यात साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा एक शिकारी प्राणी कुशीवर पडला होता.

आकारानं तो कोंबड्याहून थोडा मोठा. कवटी दाबून चपटी झालेली, जबड्यात करवतीच्या काठाचे दात. हा एकेक दात खालिदनं भिंगाखाली, सुईएवढ्या बरनं, म्हणजे दात घासायच्या फिरत्या कोरणीनं, दगडातून मोकळा केला होता. पायाच्या एका बोटाला विळ्यासारखी नखी. आणि हाताच्या हाडाला लागून, फणीनं ओढावेत तसे बारीक समांतर ओरखडे. ती पिसं. बघायला येणारा प्रत्येक जण पक्षी म्हणायचा. हा डायनोसॉर आहे, पिसांचा असला तरी उडणारा नव्हे, हे खालिद आता न अडखळता सांगत असे.

फोन नूतन कोंढाळकरचा होता. ती मूळची उत्रोलीची, भोरच्या शाळेत खालिदच्या एक वर्ष पुढे. आता पुण्याच्या एका संस्थेत जीवाश्मांचा अभ्यास करायची. सुगीसाठी चार दिवस घरी आली होती. तिचा शोधनिबंध परदेशातल्या एका जर्नलनं स्वीकारला होता आणि छापण्याआधीचा शेवटचा मजकूर तपासायला आला होता. परवा दुपारी बाराच्या आत तो परत पाठवायचा होता. शिळा साफ करण्याचं काम खालिदचं, म्हणून त्या कामाचा परिच्छेद त्यानं ऐकून हो म्हणावं, एवढ्यासाठी तिनं फोन केला होता. इंग्रजी वाचत ती तोंडानं मराठी करत गेली. कोणतं यंत्र वापरलं, कोणता डिंक, किती महिने लागले. मग एक वाक्य आलं.

"दोन्ही शिळांच्या तुटलेल्या कडा एकमेकींत तंतोतंत बसतात. त्यामुळे धड आणि शेपटी एकाच प्राण्याची आहेत याबद्दल शंका राहत नाही. बरोबर ना?"

खालिद "हं" म्हणाला. हातातली कवळी त्यानं ओल्या फडक्यावर ठेवली.

पुढे नूतननं त्याला एक गोष्ट सांगितली, जी ती मुद्दाम शेवटी राखून ठेवत आली होती. नव्या प्राण्याच्या नावाचा पहिला भाग गुंजवणी नदीवरून. दुसरा भाग खालिदच्या आडनावावरून, नियमाप्रमाणे शेवटी ईकार लावून. "भोरात अत्तार म्हटलं की आजवर लोकांना कवळी आठवायची," ती हसत म्हणाली, "आता स्वतःचे दात असलेलं कुणीतरी आठवेल."

तो काय बोलला हे त्याचं त्यालाच नंतर आठवेना. आठवत राहिलं ते 'तंतोतंत'.

शिळा दोन होत्या. दोन्ही विंझरच्या रखमाजी भुरुकांनी दिलेल्या, एकाच गोणपाटात गुंडाळून. रखमाजींनी विहीर खांदली, तीसेक फूट काळ्या पाषाणाखाली वीतभर जाडीचा मऊ, पापुद्र्यांचा थर लागला आणि त्यात हाडं निघाली. पहिल्या शिळेत डोकं, धड, हात आणि पाय. दुसऱ्या, लहान शिळेत नुसती शेपटी. या जातकुळीतल्या सगळ्या प्राण्यांची शेपटी लांबलचक, वीसपंचवीस मणक्यांची, काठीसारखी ताठ असते. हिच्यात चौदाच मणके होते आणि टोकाला पिसांचा पंखा. नूतनचा सगळा दावा या शेपटीवर उभा होता. धड चुरडलेलं होतं. त्यावरून नातेवाईक ओळखू येत, पण हा त्यांच्याहून वेगळा असं छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. धडाला ती शेपटी आहे म्हणून तो नवा.

दोन वर्षांपूर्वी दोन्ही शिळा लॅबमध्ये ठेवून नूतन आठवड्याभरासाठी विदर्भात गेली. जाताना म्हणाली होती, दोन तुकडे जवळ ठेवून बघ, बसतात का. खालिदनं बघितलं. जवळजवळ बसत होते. एका बाजूला टेकत होते, दुसरीकडे फट राहत होती. कवळी तोंडात बसली नाही तर ती कुठे टेकते हे शोधायला निळा कार्बन कागद असतो. दातांमध्ये धरून चावायला सांगायचं, जिथे निळा डाग उठेल तेवढं घासायचं. बसत नाही म्हणजे घासायचं, ही गोष्ट त्याच्या हाताला विसाव्या वर्षापासून ठाऊक होती. त्यानं कडांमध्ये निळा कागद धरला, डाग उठले तिथे बर फिरवला. पुन्हा कागद, पुन्हा बर. रात्री अकराच्या सुमारास शिळा बसल्या. उरलेल्या फटीत त्यानं प्लॅस्टर भरलं, काजळी आणि गेरू घालून दगडाच्या रंगाला आणलेलं. वरून पापुद्र्यांच्या रेघासुद्धा सुईनं ओढल्या.

परत आल्यावर नूतन शिळेवर वाकून बराच वेळ बघत राहिली होती. "जोड कुठंय तेच कळत नाही," ती म्हणाली होती. तो दिवसभर खूश होता. घासल्याचं त्यानं लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच त्याला वाटलं नव्हतं. पुण्यात पुढे स्कॅन झाला तो डोक्याचा आणि पायाचा. जोडाकडे कुणी पुन्हा पाहिलं नाही.

वडील जहांगीर कोपऱ्यातल्या खुर्चीत दातांच्या छटा वेगळ्या करत बसले होते. हात थरथरायला लागल्यापासून तेवढंच काम ते करत. खालिदनं त्यांना सगळं सांगितलं. ते मान वर न करता ऐकत होते.

"कडा घासल्यास."

"हो अब्बा."

"घासायच्या आधी ठसा काढलास?"

तो काढला होता. लॅबमध्ये जहांगीरभाईंचे दोनच कायदे. जोड दिसला तर काम फुकट, आणि ठसा काढल्याशिवाय कशालाही बर लावायचा नाही. दोन्ही कडांचे प्लॅस्टरचे ठसे मांडणीवर सगळ्यात वरच्या खोक्यात असणार, हे खालिदला फोन चालू असतानाच आठवलं होतं. अजून त्यानं तिकडे पाहिलं नव्हतं.

"मग उघड की," जहांगीर म्हणाले.

"नाही बसले तर?"

"नाही बसले तर कवळी दुसऱ्याची," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा दात निवडायला लागला.

खोकं खाली काढलं. ठसे वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. खालिदनं ते खिडकीत नेले आणि एकमेकांना लावले. दोन-अडीच मिलिमीटरची फट राहिली. ते चालण्यासारखं होतं, तुटताना दगडाचा चुरा पडतोच. पण आडव्या उजेडात कडांवरचे पापुद्रे दिसत होते आणि त्यानं ते नखानं मोजले. धडाच्या कडेवर अकरा, बारीक, वरून चौथा खरखरीत. शेपटीच्या कडेवर सहा, जाड, एकही खरखरीत नाही. त्यानं पुन्हा मोजलं. मग ठसा बदलून, तोंड फिरवून, उलटा धरून मोजला. एका दगडाचे दोन तुकडे झाले तर कागदांच्या चळतीसारखे पापुद्रे इकडून तिकडे चालू राहायला हवेत. इथे ते राहत नव्हते.

दुसरं खोकं, तिसरं खोकं, आणखी कुठला ठसा काढला होता का, हे बघण्यात दुपार गेली. संध्याकाळी घरी गेला तर बायकोनं, शाहिस्तानं, शिरवळला माहेरी फोन करून नावाचं सांगून टाकलेलं होतं. नूतनचा मेसेज तिच्याही मोबाईलवर आला होता. शिरवळहून सासऱ्यांनी विचारलं होतं, की जनावर हलाल का हराम. घरात हसू चाललं होतं. खालिदही हसला.

एक आशा त्यानं धरून ठेवली होती. विहिरीच्या एका अंगाला थर बारीक, दुसऱ्या अंगाला जाड, असं होऊ शकतं असं नूतननंच कधीतरी सांगितलं होतं. दोन्ही शिळा एकाच दिवशी, एकाच टोपलीतून वर आल्या असं रखमाजी म्हणाले, तर पापुद्र्यांचा हिशेब त्याच्यासारख्या कवळीवाल्यानं कशाला करायचा? सकाळी त्यानं गाडी काढली. कापूरहोळवरून नसरापूर आणि तिथून वेल्ह्याच्या रस्त्याला लागला. दोन्ही बाजूंना भात कापून टाकलेलं, मोकळ्या खाचरांत पेंढ्यांचे भारे.

विंझरच्या फाट्यावरून आत रखमाजींचं घर. सत्तरीचे रखमाजी अंगणात इळा घासत बसले होते. त्यांनी उठून घोंगडं टाकलं, सगुणाबाईंना चहा टाकायला सांगितला आणि बाईंची खुशाली विचारली. बाई म्हणजे नूतन. मग विहिरीचं सुरू झालं. सुरुंग कोण भरत होतं, पाणी कुठल्या अंगानं लागलं, पहिल्या शिळेवरचं तोंड पाहून दगड वर ओढणाऱ्या यारीवरचा माणूस कसा घाबरला. हे खालिदनं आधी दोनदा ऐकलं होतं. त्यानं शेपटीच्या शिळेचं विचारलं.

"ती व्हय," रखमाजी म्हणाले, "ती बी हितलीच की."

"हिरीतली?"

रखमाजींनी इळ्याची धार अंगठ्यावर बघितली. उत्तर दारातून आलं. सगुणाबाई चहाच्या कपबशा घेऊन उभ्या होत्या.

"सांगा की खरं. त्यो माज्या रांजनावरचा हाय. हीर खांदायच्या लई आदीपासनं."

मग ते निघालं. सगुणाबाईंच्या सासूनं तो चपटा दगड ओढ्यातून उचलून आणला होता, कोणत्या साली ते आता कुणाला सांगता येईना. पाण्याच्या रांजणावर तो झाकण म्हणून असायचा. खालच्या अंगाला काटे आहेत असं सासू म्हणायची, मुलं त्याला माशाचा दगड म्हणायची. विहिरीतली शिळा न्यायला नूतन आली, त्याआधी दोन वेळा येऊन गेली होती आणि प्रत्येक वेळी विचारायची, बाबा, आणखी काही निघालं का?

"पोर एवढ्या लांबनं येती," रखमाजी म्हणाले, "दर बारीला न्हाई म्हनायचं म्हंजे बरं दिसतं का? मानसाला रिकाम्या हातानं कसं धाडायचं? त्येच्यावर बी तसलीच हाडं हुती. म्हनलं, एका जातीचं असंल, र्‍हाऊ द्या संगट. म्या बांधून दिलं."

"आन तवापासनं माज्या रांजनावर जर्मनची ताटली," सगुणाबाई म्हणाल्या. "रोज वाऱ्यानं उडती."

खालिदनं चहा संपवला. ओढ्यात कुठे, हे त्यानं विचारलं. सगुणाबाईंनी हातानं सगळा ओढाच दाखवला, वरून खालपर्यंत. निघताना रखमाजी गाडीपर्यंत आले.

"काय बिघाडलं का?"

"नाही बाबा," खालिद म्हणाला.

फाट्यावर येऊन त्यानं गाडी थांबवली. नूतनचा मेसेज होता, संध्याकाळपर्यंत हो कळव, रात्री पाठवून देते. त्यानं मोबाईल खिशात ठेवला. जोड पुन्हा कुणी उघडणार नव्हतं. उघडायचा तर त्यालाच सांगितलं असतं. सगुणाबाई कुणाला इंग्रजीत सांगायला जाणार नव्हत्या. दोन ठसे होते आणि ते त्याच्या मांडणीवर होते, म्हणजे खरं तर आता गाडीच्या डिकीत, फडक्यात बांधून. सकाळी निघताना ते त्यानं बरोबर घेतले होते. आणि दुसऱ्या बाजूला नूतनची दोन वर्षं होती. तिनं इतर काम बाजूला सारून याच एका प्राण्यावर सगळं लावलं होतं. त्याच्या स्वतःच्या नावाचा विचार तो करत नव्हता, असं त्यानं स्वतःला सांगितलं. कापूरहोळला येईपर्यंत ते त्याला तीनदा सांगावं लागलं.

भोरमध्ये न थांबता तो सरळ उत्रोलीला गेला.

कोंढाळकरांच्या खळ्यावर झोडणी चालली होती. नूतन डोक्याला फडकं बांधून पेंढ्या लाकडी बाकावर आपटत होती, भाताचे दाणे ताडपत्रीवर उडत होते. तिनं त्याला बघून हात हलवला. मग त्याचा चेहरा बघून पेंढी खाली ठेवली आणि खळ्याच्या कडेला आली. आई-वडील पलीकडे वारं देत होते. खालिदनं उभ्या उभ्या सांगितलं. निळा कागद, बर, काजळी, गेरू, रांजण. जसं घडलं तसं, क्रमानं. मग खालिदनं फडकं सोडून ठसे तिच्या हातात दिले.

तिनं ते उन्हात तिरपे धरले. ती मोजते आहे हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. अकरा. सहा. ती खाली बसली, पोत्यावर.

"तू मला फट दाखवली असतीस तर मी तेव्हाच विचारलं असतं," ती म्हणाली.

"तुम्ही म्हणालात, जोड कुठंय तेच कळत नाही. मला वाटलं, शाबासकी."

"शाबासकीच होती." तिनं फडक्यानं तोंड पुसलं. "मी बघायला हवं होतं. चौदा मणके बघितल्यावर मी दुसरं काही बघितलंच नाही."

पलीकडून तिच्या आईनं खालिदला ताक हवं का विचारलं. तो नको म्हणाला.

शेपटी नवी असेल तर तिलाच नाव देता येणार नाही का, असं त्यानं विचारलं. नूतन म्हणाली, की ओढ्यातला दगड, कुठल्या थरातला ते माहीत नाही, सोबत धड नाही. धड आहे तर त्याला शेपटी नाही. दोन्ही नवे असतील, किंवा एकही नसेल. आजच्या घडीला आपल्याकडे एक प्राणी नाही, दोन अर्धवट आहेत, आणि दोन्ही बिनओळखीचे. हे ती सावकाश, वर्गात शिकवावं तसं बोलली. ठसे अजून तिच्या हातात होते.

"रखमाजीबाबांना परत कुणी विचारायला जाणार नाही," ती म्हणाली.

ती त्याच्याकडे बघत नव्हती. खालिदला कळलं, की आपण आता नुसतं "नाही" म्हणालो तर ते वाक्य पुढे चालू लागेल. प्लॅस्टर हलकं असतं. बाकावर एकदा आपटलं की भुगा. ताक घ्यायला हवं होतं असं त्याला वाटून गेलं.

"फोडायचे असते तर भोरातच फोडले असते, नूतनताई."

तिनं मान हलवली. ठसे फडक्यात नीट गुंडाळले, गाठ मारली आणि गाठोडं मांडीवर ठेवून मोबाईल काढला. निबंध मागे घेत असल्याचं पत्र जर्नलला लिहायला तिला अर्धा तास लागला. दोनदा तिनं सगळं पुसलं. खालिद तिथेच उभा होता. शेवटी नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून त्यानं तिची टाकलेली पेंढी उचलली आणि झोडायला लागला. पत्र गेल्यावर तिनं सांगितलं नाही. ती उठून घरात गेली, त्यावरून त्याला कळलं.

तीन आठवडे तिचा फोन आला नाही. शिरवळला काय सांगायचं ते शाहिस्तानं ठरवलं. नाव मागं पडलं, एवढंच तिनं सांगितलं आणि पुढचे प्रश्न ऐकायला आलेच नाहीत असं केलं. खालिदच्या हातून एक कवळी बिघडली, दुसऱ्यांदा करावी लागली. खिडकीतल्या टेबलावर त्यानं चादर टाकून ठेवली होती.

डिसेंबरात एका सकाळी नूतन न कळवता आली. तिच्या हातात जाड नोंदवही होती. जहांगीरभाईंना सलाम करून ती टेबलापाशी बसली आणि म्हणाली, जोड सोडव. खालिदनं चादर काढली. काजळी-गेरूचं प्लॅस्टर काढायला तीन तास लागले. इतकं पक्कं बसलेलं आपलं काम तो पहिल्यांदाच उलटं करत होता. प्लॅस्टर निघत गेलं तशी खालची कड उघडी पडत गेली. जिथे त्यानं बर फिरवला होता तिथे ती गुळगुळीत होती. बाकी सगळा दगड खडबडीत, आणि मध्ये हे तीन चकचकीत डाग.

"आता हे सगळ्यांना दिसणार," तो म्हणाला.

"दिसायलाच पाहिजे. याच्यावर पुढे जो कुणी काम करेल त्याला." तिनं नोंदवही उघडली. "कड किती घासली? ठशावरून मोज."

त्यानं ठसा आणि शिळा शेजारी ठेवून तीन ठिकाणी माप घेतलं. एक पूर्णांक एक. दोन पूर्णांक तीन. शून्य पूर्णांक आठ मिलिमीटर. ती लिहीत गेली. तारीख विचारली, त्यानं आठवून सांगितली. मग तिनं वही त्याच्याकडे फिरवली. एका ओळीपुढे जागा कोरी होती. कड घासणाऱ्याचं नाव.

"हे तू लिही," ती म्हणाली. "मला लिहायला जमत नाहीये."

खालिदनं हात पुसले. जहांगीर खालिद असा उलटसुलट घोळ कागदोपत्री नेहमी व्हायचा, म्हणून त्यानं सावकाश, पूर्ण लिहिलं. खालिद जहांगीर अत्तार, भोर. वही शिळांच्या नोंदींबरोबर पुण्याला जाणार होती.

शेपटीची शिळा त्यानं उचलून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवली. मध्ये चार बोटांचं अंतर राहिलं. धडाची कड तिकडे तोंड करून तशीच उघडी होती.

"बसलं का?" कोपऱ्यातून जहांगीरनी विचारलं. डोळ्यांना आता लांबचं दिसत नव्हतं.

"नाही अब्बा," खालिद म्हणाला आणि बर पुसून डब्यात ठेवला.